डीएनए केलं की पिवळ्या फुलपाखरांचा घोळ सुटतो काय?

खानापूरचा_फोटोवाला
नमस्कार मंडळी. मी बीकॉम झालेला माणूस, दुकान सांभाळतो आणि रविवार मिळाला की कॅमेरा घेऊन जांबोटी-कणकुंबीकडे सुटतो, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. गणपतीच्या आधीच्या रविवारी रस्त्याकडेला टाकळा माजलाय तिथं ग्रास यलो नावाची पिवळी फुलपाखरं एवढी होती की गाडी थांबवून दीड तास फोटो काढलो. घरी येऊन बघतो तर कुठला कॉमन आणि कुठला थ्री-स्पॉट कळायला मार्ग नाही. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाशी, दोन ठिपके असले तर कॉमन आणि तीन असले तर थ्री-स्पॉट असं पुस्तकात आहे, पण माझ्या एका फोटोत दोन स्पष्ट आहेत आणि तिसऱ्याच्या जागी ठिपका आहे की चिखल उडालाय तेच समजेना. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलो तर दोन पार्ट्या पडल्या, अजून भांडायलेत. एकजण म्हणाला कशाला डोकं फोडून घेता, एक पाय तोडून डीएनए टेस्टला पाठवा, बाप कोण ते कळतं तसं जात पण कळेल. खरंच इतकं सोपं आहे काय? आणि दिसायला सारखीच असतील तर वेगळी जात म्हणायचं तरी कशावरून?

निपाणीची_मास्तरीण
तुमच्या ग्रुपवरचा माणूस निम्मा बरोबर आहे. एका पायातून पुरेसा डीएनए मिळतो हे खरं, पाय अल्कोहोलमध्ये ठेवतात. त्यातला सीओआय नावाच्या जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि आधी वाचून ठेवलेल्या तुकड्यांशी ताडून बघायचा. दुकानात बारकोड मारतात ना, नाव तेच पडलं, डीएनए बारकोडिंग. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्टनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. साधारण दोन-तीन टक्क्यांच्या वर फरक दिसला की वेगळी जात असावी असा अंदाज धरतात. अंदाज म्हणतेय मी, नियम नव्हे.

याचं गाजलेलं उदाहरण कोस्टारिकातलं. तिथल्या एका स्किपर फुलपाखराला सगळे एकच जात समजत होते, २००४ मध्ये बारकोड लावून ती दहा जाती निघाल्याचं जाहीर केलं. मोठी फुलपाखरं जवळजवळ एकसारखी, पण सुरवंटांचे रंग वेगळे आणि खायची झाडं पण वेगळी, म्हणून लोकांना पटलं. तरी दोन वर्षांनी दुसऱ्या एकानं तोच डेटा तपासून सांगितलं की दहा होत नाहीत, तीन ते सात म्हणा. म्हणजे डीएनए हातात असून भांडण काही मिटलं नाही 😄

जुना_भटक्या_बेळगाव
हल्ली सगळ्याला डीएनए. आमच्यावेळी अंडी आणून घरात सुरवंट वाढवत होतो आणि त्यात निम्मे घोळ आपोआप सुटत होते. बाहव्यावरचा लेमन इमिग्रंट घ्या, त्यात काहींच्या मिशा काळ्या असतात आणि काहींच्या गुलाबी, पूर्वी त्यांना दोन वेगळ्या जाती धरून पोमोना आणि क्रोकेल अशी दोन नावं दिलेली होती. नंतर कळलं दोन्ही एकच. तुमच्या परसातल्या कढीपत्त्यावर येणारं कॉमन मॉर्मन तर त्याहून वस्ताद, मादी तीन रूपात येते, एक नरासारखी, एक कॉमन रोज या दुसऱ्याच फुलपाखरासारखी आणि एक क्रिमझन रोज या तिसऱ्याच फुलपाखरासारखी, नवीन माणूस बघितला तर तीन जाती म्हणून वहीत लिहून मोकळा होतो. रूपावर जाऊ नका एवढंच माझं म्हणणं.

निपाणीची_मास्तरीण
काका, पण मॉर्मनच्या माद्यांमागचं कारण डीएनएनंच सापडलं की. फुलपाखरांचे अभ्यासक आपले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी २०१४ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवलं की डबलसेक्स नावाचा एकच जीन ते सगळं रूप फिरवतो.

जुना_भटक्या_बेळगाव
होय की, मी कुठं नाही म्हणालो. पण माद्या एकाच जातीतल्या आहेत हे आधी अंडी वाढवूनच कळलेलं होतं ना.

बेंगळुरात_अडकलेला
मूळचा बेळगावचा, इथं लॅबमध्ये हेच काम करतो म्हणून जरा लांबड लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

खानापूरकर भावा, तुझ्या प्रश्नातलं खरं दुखणं हे की सीओआय हा जीन पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातला आहे आणि मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. आडनाव बापाकडून येतं तसं हे आईकडून. आता गावात दोनशे घरं पाटलांची आहेत म्हणून सगळे एका रक्ताचे होतात काय? तसंच आहे हे. आणि योगायोग बघ, या फसवणुकीचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुझ्याच कॉमन ग्रास यलोचं आहे, जपानमधलं. तिथं ज्याला कॉमन ग्रास यलो म्हणत होते त्यात दोन प्रकार होते, एकाच्या पंखाच्या कडेची झालर पिवळी आणि दुसऱ्याची तपकिरी. मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचला तर दोन्ही प्रकार एकमेकात मिसळलेले दिसायचे, पण पेशीच्या केंद्रकातले, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेले, जीन्स वाचले तर झालरीप्रमाणे सरळ दोन गट. मग मायटोकाँड्रियाची गडबड कुणी केली? व्होल्बाकिया नावाच्या बॅक्टेरियानं. तो किड्यांच्या पेशीत राहतो आणि अंड्यातून आईकडून पिल्लांकडे जातो, म्हणजे मायटोकाँड्रियाच्याच गाडीत बसून. कधीतरी दोन प्रकारांचा संकर झाला, लागण झालेली मादी इकडून तिकडे गेली, बॅक्टेरिया पसरला आणि त्याच्याबरोबर तिचा मायटोकाँड्रिया पण सगळीकडे पसरला. नुसता बारकोड बघणारा म्हणाला असता, एकच जात. आता त्यातल्या पिवळ्या झालरवाल्याला युरेमा मँडारिना असं वेगळं नाव आहे.

उलटंही घडतं. युरोपात वुड व्हाइट म्हणून पांढरं नाजूक फुलपाखरू आहे, एक जात समजत होते, मग १९८०च्या दशकाच्या शेवटी जननेंद्रियं तपासून दोन केल्या आणि २०११ मध्ये डीएनए आणि गुणसूत्रं बघून तीन झाल्या.

खानापूरचा_फोटोवाला
आडनावाचं उदाहरण डोक्यात घुसलं 🙏 पण संकर होत असेल तर ती वेगळी जात कशी? शाळेत शिकवलेलं, ज्यांची पिल्लं पुढं होतात ती एक जात.

बेंगळुरात_अडकलेला
शाळेतली व्याख्या अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाची, १९४२ ची. चांगली आहे, पण फुलपाखरं ती वाचत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या हेलिकोनियस या फुलपाखरांच्या जाती अधूनमधून एकमेकांशी जुळतात, २०१२ मध्ये त्यांचा सगळा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचला तर पंखावरचा रंग ठरवणारे तुकडे एका जातीतून दुसरीत गेलेले दिसले. आता आपल्या घरातलंच बघ की. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडमधून आलेत, आपण "काय करायलास" म्हणतो ते ऐकून पुण्याचा माणूस हसतो, म्हणून आपण बोलतो ती मराठी राहिली नाही काय? चार शब्द आले तरी व्याकरणाचा सांगाडा तोच. तसंच बाकीचा जीनोम वेगळाच राहतो, चार कामाचे तुकडे तेवढे इकडचे तिकडे होतात. म्हणून हल्ली एक जीन न बघता हजारो जागा वाचतात आणि देवघेव किती झाली ते मोजतात.

अजून एक मजा. संकरातून झालेल्या पिल्लात एकच बाजू वांझ निघाली तर फुलपाखरात बहुतेक वेळा ती मादी असते, नर चालतो. माणसात एक्स-वाय वेगवेगळे असतात ते पुरुषात, फुलपाखरात दोन वेगळी गुणसूत्रं मादीत असतात, आणि ज्या बाजूला दोन वेगळी असतात तिला संकराचा फटका आधी बसतो. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञानं १९२२ मध्येच सांगून ठेवलंय.

सीमाभाग_एक्सप्रेस
म्हणजे फुलपाखरांचा पण सीमावाद कोर्टात पेंडिंग आहे म्हणायचं 😂

जुना_भटक्या_बेळगाव
इथं राजकारण नको हां, मागचा धागा त्यानंच बंद पडला.

फोटोवाले, पाय तोडायच्या भानगडीत पडू नका, त्यात भीमगडचं अभयारण्य शेजारीच आहे, आत फॉरेस्टच्या परवानगीशिवाय जाळी नेलात तर फुलपाखराच्या आधी तुमचीच नोंद व्हायची. सोपा उपाय सांगतो. कॉमन ग्रास यलोची मादी एकेक अंडं सुटं घालते आणि सुरवंटाचं डोकं हिरवं असतं. थ्री-स्पॉटची अंडी गठ्ठ्यानं असतात, सुरवंट कळपानं खातात आणि डोकं काळं. पावसाळ्यात पंखाची काळी किनार रुंद असते आणि उन्हाळ्यात कमी होते, त्यामुळे किनारीवर फसू नका, सुरवंट बघा.

निपाणीची_मास्तरीण
आणि फोटो काढताना पंख मिटलेला, बाजूनं, असा एक तरी काढा. वरून काढलेल्या फोटोवरून ग्रास यलो ओळखायला सांगणं म्हणजे छळ आहे.

खानापूरचा_फोटोवाला
आज सकाळी दुकान उघडायच्या आधी घरामागच्या टाकळ्यावर शोधलो. तीन अंडी मिळाली, तिन्ही वेगवेगळ्या पानांवर, एकेक सुटी. डहाळ्या बाटलीत लावून ठेवलोय. आई विचारायलीय की भाजीला आणलास तर शिजवू काय. डोकं कुठल्या रंगाचं निघतं ते कळवतो.