ज्येष्ठांच्या तपासणीच्या बातमीला एआयने चित्र करायचंय, काय काय सांभाळू?

पानजुळणी_लातूर
प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी, अशी उद्याच्या जिल्हा पानाची बातमी. फोटो आलेला नाही. विकतच्या तयार फोटोंच्या साइटवर परदेशी आजी-आजोबा, नाहीतर सुरकुतलेल्या हातावर ठेवलेला तरुण हात. छपाईत तीन कॉलम म्हणजे 12 सेंमी रुंदी आहे, शिवाय वेबसाइटलाही लागेल. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला द्यायच्या सूचनेत, काय लिहू?

रेषा_बीड
नुसतं ‘भारतीय वृद्ध’ लिहू नका, दाढीवाले साधूबाबा येतील. कपडे एकेक करून सांगा: पांढरी टोपी, धोतर, अर्ध्या बाहीची बंडी. आजी हव्या असतील तर काठाचं लुगडं, डोक्यावर पदर. पण बीपी दाखवायचा तर आजोबाच बरे. चोळीची बाही कोपरापर्यंत येते, एआय बीपीचा पट्टा थेट तिच्यावर गुंडाळतं आणि तिथंच चित्र खोटं पडतं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोनेक सेंमी वर हवा. नळी तळहाताच्या बाजूला उतरून यंत्रापर्यंत पोचलेली दिसली पाहिजे. बऱ्याचदा ती मध्येच हवेत संपते. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला, पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. हे सगळं प्रॉम्प्टमध्ये लिहा. आणि बोटं मोजा!

उपसंपादक_परभणी
भिंतीवर लाल क्रॉस येऊ देऊ नका. एआय तो हमखास काढतं, पण 1960च्या जिनिव्हा करार कायद्यानं ते चिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही. पाटीवरची देवनागरीही फुटते, ‘आरोग्य’चं भलतंच काहीतरी होतं. पाटी कोरी मागवा, अक्षरं नंतर चित्रावर वेगळ्या थरात (लेयरवर) टाका.

पानजुळणी_लातूर
आलं चित्र, 1024 पिक्सेल रुंद. चालेल का? मागच्या वेळी छापल्यावर चेहरे काळवंडले होते.

रेषा_बीड
चालेल. वर्तमानपत्राच्या कागदावर छपाईच्या ठिपक्यांच्या इंचाला 100 ओळी असल्या, तर 200 डीपीआय, म्हणजे इंचाला 200 पिक्सेल, पुरतात. 12 सेंमीला साधारण 945 पिक्सेल लागतात. चेहरे काळवंडतात ते शाई कागदात पसरून ठिपका फुगतो म्हणून. चित्र सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बदलल्यावर कर्व्ह या सोयीनं मधल्या छटा (मिडटोन) उजळ करा, चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज 240च्या आत ठेवा. त्वचेत सायन (निळसर शाई) मॅजेंटाच्या (गुलाबी शाईच्या) निम्म्याच्या आत हवा, नाहीतर आजोबा आजारीच दिसतात. स्क्रीनवर जरा फिकट वाटलं तरी घाबरू नका. वेबसाठी मात्र मूळ आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) फाइलच वापरा, 16:9 मध्ये कापून. डोकं आणि पट्टा दोन्ही आत राहू द्या.

उपसंपादक_परभणी
चित्राखाली ‘एआयने तयार केलेलं प्रतीकात्मक चित्र’ ही ओळ टाका. तिथं गावाचं नाव नको, लोक आपल्याच केंद्राचा फोटो समजून ‘हे आजोबा कोण’ म्हणून फोन करतात.