बाऊल करताना लेथ डगमगतोय, बेअरिंग बदलू की आधी अजून काही बघू?

धायरीचा_लेथ
नमस्कार मंडळी. धायरीत घरामागच्या शेडमध्ये लाकडाचा लेथ (लाकूड फिरवून कोरायचं मशीन) लावलाय, भोसरीतून सेकंड हँड घेतलेला, १२ इंच स्विंग (म्हणजे एवढ्या व्यासाचं लाकूड फिरू शकतं), १ एचपी मोटर, स्पीड पुलीवर बेल्ट सरकवून बदलायचा. लाटणी, खुर्चीचे पाय असलं सगळं दोन सेंटरच्या (टोकदार आधारांच्या) मधे धरून करतो ते एकदम गुळगुळीत येतं, तक्रारच नाही. पण चार जॉचा चक (चार जबड्यांची पकड) लावून बाऊल घेतला की डगमग सुरू. बाहेरची बाजू फेसप्लेटवर (लाकूड स्क्रूने बसवायची चकती) होते व्यवस्थित, मग उलटा करून चकमधे धरला आणि आतून कोरायला लागलो की काठ हलताना डोळ्याला दिसतो, गाऊज (कोरायचं हत्यार) ठकठक आपटतो आणि जाडी एकीकडे ५ एमएम तर समोर ७. लाकूड आंब्याचं, वळवाच्या पावसात सोसायटीतलं झाड पडलं त्याचे ओंडके आणलेत. साईज १० इंच, स्पीड १४०० ला असतो. चकचा थ्रेड माझ्या स्पिंडलला (लेथचा फिरणारा मुख्य दांडा) बसत नव्हता म्हणून मधे एक अ‍ॅडॉप्टर बनवून घेतलाय. ओळखीचा फिटर म्हणतो दोन्ही बेअरिंग बदलून टाका. त्यासाठी स्पिंडल ठोकून बाहेर काढावा लागणार, म्हणून आधी विचारतोय, खरंच बेअरिंगच असेल का?

भोसरी_टूलरूम
दादा थांबा, स्पिंडलला हातोडा लावू नका अजून. आधी डगमग नेमकी कुठे सुरू होते ते शोधा, आणि ते डोळ्याने नाही कळत, डायल (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं गेज) लागतो. ०.०१ एमएमचा डायल आणि मॅग्नेटिक बेस बोहरी आळीत मिळून जाईल, नाहीतर कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. बेल्ट उतरवा, चक काढा, नुसता स्पिंडल हाताने फिरवा. थ्रेडच्या मागे जो साधा गोल भाग असतो तिथे एकदा डायल टेकवा, मग चक ज्या खांद्यावर येऊन बसतो त्या सपाट तोंडावर. लाकडाच्या लेथला ०.०२-०.०३ असेल तर स्पिंडल निर्दोष समजा. मग स्पिंडल दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे ओढून बघा, डायल हलून परत जागेवर आला नाही किंवा टकटक जाणवली तर तो प्ले (ढिलेपणा), तेव्हा बेअरिंगचा विचार करू. दोन सेंटरमधे काम चांगलं येतं यावरून मात्र बेअरिंगला क्लीन चिट देऊ नका, कारण टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा आधार) स्पिंडलला मागे दाबून धरतो आणि पुढे-मागचा प्ले त्यात लपतो. चकवर एकट्याने लटकलेल्या बाऊलला तो आधार नसतो.

नंतर चक लावा आणि चकच्या बॉडीवर, मग चकच्या तोंडावर डायल लावा. इथे आकडा एकदम वाढला तर दोष स्पिंडल आणि चकच्या मधे आहे, आणि तुमच्याकडे मधे अ‍ॅडॉप्टर आहे त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावर. खांद्यावर भुसा चिकटलाय का, थ्रेडमधे ढलपी अडकलीय का ते ब्रशने साफ करून बघा, आणि चक जाम होऊ नये म्हणून मधे प्लॅस्टिकचा वॉशर टाकला असेल तर टेस्टपुरता काढा. जॉ काढून परत घातलेत का कधी? प्रत्येक जॉवर १ ते ४ नंबर असतो आणि खाचेवरही असतो, क्रम चुकला तर जॉ सेंटरला येतच नाहीत.

वारजे_वर्कशॉप
बाकीचं तज्ज्ञ सांगतील पण १० इंची बाऊलला १४०० स्पीड??? काठाचा वेग ताशी ६५ किमीच्या वर जातो तो, आणि त्यात तुकडा हलतोय! इंचात डायमीटर गुणिले आरपीएम ६००० ते ९००० च्या मधे ठेवायचं असा साधा हिशोब आहे, म्हणजे तुम्हाला ६०० ते ९०० बास, आणि ओबडधोबड तुकडा असेल तर त्याच्याही खाली सुरू करायचं. फेस शील्ड घाला, चष्मा पुरत नाही, आणि मशीन चालू करताना बाऊलच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. हे आजपासून करा प्लीज, डगमग नंतर शोधा.

शिसव_आणि_साग
वरच्या दोघांशी सहमत, पण मी लाकडाच्या बाजूने बोलतो कारण पडलेल्या झाडाचा ओला आंबा म्हटल्यावर मला मशीनपेक्षा त्याच्यावरच जास्त संशय येतो. एक सोपी टेस्ट आहे, डायल नको काही नको. मशीन बंद, टूल रेस्टला (हत्यार टेकवायची पट्टी) पेन्सिल टेकवून काठाजवळ धरा आणि बाऊल हाताने सावकाश फिरवा. एका फेरीत पेन्सिल एकदाच लागली तर बाऊल सेंटरपासून सरकलाय, म्हणजे धरण्यात किंवा चकमधे दोष. समोरासमोर दोनदा लागली तर बाऊल अंडाकृती झालाय, ते लाकूड वाळतंय, त्याला जगातलं कुठलंही बेअरिंग बरं करणार नाही. लाकूड वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं आकसतं, त्यामुळे गोल केलेलं गोल राहतच नाही, आणि ओल्या लाकडात हे बाहेरची बाजू करून जेवायला जाऊन आलात तेवढ्यातही सुरू झालेलं असतं.

एकदाच लागत असेल तर खूण करा, चक ढिला करून बाऊल अर्धा फिरवून परत धरा. पेन्सिल परत त्याच खुणेवर लागली तर दोष टेनॉनचा (बाऊलच्या तळाचा, चकमधे धरायचा गोल ठोकळा), खुणेच्या समोरच्या बाजूला लागली तर चक किंवा त्याच्या मागचं काहीतरी. टेनॉन नीट बघा हं, नव्वद टक्के लोकांचं लक्ष इथेच नसतं. टेनॉनचं टोक चकच्या तळाला टेकता कामा नये, बाऊलचा खांदा जॉच्या तोंडावर सपाट बसला पाहिजे. टोक तळाला टेकलं की खांदा अधांतरी राहतो आणि बाऊल तिरका होतो. आतला कोपरा टोकदार साफ कापायचा, तिथे गोलाई राहिली तरी बसत नाही. ओलं लाकूड जॉखाली चेपतं पण, म्हणून मधे मधे चावी लावून परत आवळायचं.

धायरीचा_लेथ
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप सविस्तर सांगितलंत. स्पीड खाली आणलाय, फेस शील्ड पण आणली. मित्राच्या कंपनीतून डायल मिळाला. स्पिंडलवर ०.०२, खांद्यावर ०.०१, ओढून बघितलं तर प्ले काहीच नाही. चक लावल्यावर बॉडीवर ०.२५ आणि तोंडावर ०.३५!! जॉचे नंबर बरोबर आहेत, वॉशर नाहीये, साफ करून परत बघितलं तरी तेच. चक १०० एमएमचा आहे. पेन्सिल टेस्टला जुना बाऊल दोनदा लागतो पण एकीकडे जास्त आणि समोर कमी, म्हणजे दोन्ही आहे का? आणि हो, टेनॉन तळाला टेकत होता, शिसव काका अगदी बरोबर.

भोसरी_टूलरूम
मग बेअरिंग विसरा, अ‍ॅडॉप्टर आहे. १०० एमएमवर ०.३५ म्हणजे २५० एमएमच्या काठावर ०.९ च्या आसपास झालं, शिवाय टेनॉनचा तिरकेपणा वेगळा. बहुतेक बनवणाऱ्याने एका बाजूने थ्रेड मारला आणि जॉब उलटा धरून दुसरी बाजू केली. नवीन बनवून घ्या आणि काम देताना स्पष्ट सांगा की आधी आतला थ्रेड, बोअर आणि स्पिंडलच्या खांद्यावर बसणारं तोंड हे तिन्ही एकाच सेटिंगमधे करायचं. मग तो अ‍ॅडॉप्टर त्याच मापाच्या थ्रेडेड मँड्रेलवर (आटे पाडलेला दांडा) चढवायचा आणि चककडचा थ्रेड आणि तोंड तिथे करायचं. स्पिंडलचा थ्रेड तोंडी सांगू नका, पिच गेजने (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) मोजा, एम३३ बाय ३.५ आणि इंची थ्रेड यात गफलत होते. नवीन आल्यावर चकच्या तोंडावर ०.०५ च्या आत आलं तरच घ्या, डायल घेऊनच जा सोबत.

शिसव_आणि_साग
हो, दोन्ही आहे. अ‍ॅडॉप्टर येईपर्यंत ओंडके वाया घालवू नका, फेसप्लेटवरच जाडे बाऊल काढून ठेवा. भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, १० इंचाला १ इंच, टेनॉनही जाडच ठेवायचा. आडव्या कापाच्या बाजूंना (जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात) मेण लावा आणि त्याच भुश्शात कागदी पिशवीत ठेवा, उन्हात अजिबात नको, आंबा लगेच चिरतो. दर आठवड्याला वजन करून पिशवीवरच लिहीत जा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. आपल्याकडे पावसाळ्यात वजन थांबल्यासारखं वाटतं पण हवेतच ओल असते, म्हणून दिवाळीनंतर परत वजन करून मगच शेवटचा हात फिरवा. तेव्हा टेनॉन पण अंडाकृती झालेला असेल, तो आधी टेलस्टॉकने दाबून गोल करून घ्यायचा आणि नंतरच चकमधे धरायचा. काठ आधी फायनल करा आणि मग तळाकडे जा, भिंत पातळ झाल्यावर परत काठावर गाऊज नेलात तर काठ लवचिक होऊन थरथरतो आणि परत वाटेल की लेथच हलतोय.

धायरीचा_लेथ
बरं काका. उद्याच फेसप्लेटवर चढवतो. मेण म्हणजे साध्या मेणबत्तीचं वितळवून चालेल ना?

शिसव_आणि_साग
चालेल, ब्रशने गरम गरम लावा. पण थेट गॅसवर नका ठेवू, पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून वितळवा.