थ्रीडी प्रिंटरवर छापलेला शंख हर्मिट क्रॅबला चालतो का?

टिळकवाडीकर
हर्मिट क्रॅब म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. गोव्याहून येताना डब्यात घालून आणलेल्या अशा खेकड्याला वाढ झाली की मोठा शंख लागतो. बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांत हवा तो सुटा भाग थ्रीडी प्रिंटरवर छापून मिळतो, तर शंखही छापून घ्या, असा सल्ला हल्ली फिरतोय. माझं मत: नको. खेकडा शंखात नुसता बसत नाही, धरून बसतो. त्याचं पोट मऊ आणि उजवीकडे पिळलेलं. शेपटीकडचे बारीक आकडे तो शंखाच्या मधल्या खांबाला अडकवतो. छपाईसाठी नेटवर फुकट मिळणारी बरीच मॉडेलं आतून वाटीसारखी पोकळ असतात. मग पकडायचं कशाला? शिवाय छपाईत आत राहिलेले आधाराचे खुंट पोटाला टोचतात, आणि पिळाच्या आत पॉलिश कागद पोचत नाही.

खानापूरचा
अण्णा, हा दोष मॉडेलचा झाला, प्लास्टिकचा नव्हे की! खऱ्या शंखाच्या सीटी स्कॅनवरनं केलेलं मॉडेल घ्या, खांब आपोआप येतोय. पिळाच्या अक्षावर उभे दोन भाग करून छापा, थर ०.१ मिमी, भिंत २ मिमी. आतनं ४०० नंबरच्या कागदानं ओलं घासा, मग सुपरग्लूनं जोडा. दोन दिवस वाळू द्या, आठवडाभर पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. तांब्याची पूड मिसळलेली फिलामेंट (प्रिंटरात घालायची प्लास्टिकची तार) मात्र अजिबात नको, कवचधारी प्राण्यांना तांबं विष.
आणि खरे शंख येतात कुठनं? दुकानातला चकचकीत शंख बहुतेक वेळा जिवंत गोगलगाय मारून काढलेला. किनाऱ्यावरचा रिकामा उचलला तर तिथल्या खेकड्याचं घर गेलं. काही जाती तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहेत. २०२४ च्या एका अभ्यासात नेटवरच्या फोटोंत ३८६ खेकडे कृत्रिम कवचात दिसले, बहुतेक प्लास्टिकच्या टोपणात. घेतात ते.

टिळकवाडीकर
टोपणात शिरला म्हणून टोपण चांगलं? २०२० च्या अभ्यासाचा अंदाज बघा: कोकोस आणि हेंडरसन बेटांवर प्लास्टिकच्या डब्या-बाटल्यांत अडकून सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे मेले. एक मेला की त्याच्या वासानं, शंख रिकामा झाला असं समजून, दुसरे येतात आणि तेही अडकतात. शिरला म्हणजे पसंत पडला, असं नसतं. दुसरं काही नसलं की तो शिरणारच.
दुसरं म्हणजे स्वच्छता. खरा शंख दहा मिनिटं उकळता येतो. छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, साधारण ६० अंशांला मऊ पडतं, तोंड वाकडं होतं. टाकीतल्या ८० टक्के दमटपणात थरांच्या खाचांत अन्न अडकलं की बुरशी धरणार.

निपाणीची
तुम्ही दोघं भांडताय त्याच्यापेक्षा रंगवलेले शंख वाईट. खेकडा नांगीनं कुरतडतो, पोपडा निघतो आणि पोटात जातो. आधी ते बाहेर काढा.
छापलेल्यात मला खरी भीती गळतीची. खेकडा शंखात पाणी साठवतो, त्यावर पोट आणि कल्ले ओले राहतात. पातळ भिंतीतनं ते झिरपलं तर फेब्रुवारी-मार्चच्या आपल्या कोरड्या हवेत तो आतल्या आत सुकतो. तपासणी सोपी: तोंड वर करून काठोकाठ भरा, कोरड्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर तो शंख फेकायचा. पाणी नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच. राकसकोप धरणाचं असो की हिडकलचं. खारं पाणी करायचं तर मीठ सागरी माशांच्या टाकीचं, स्वयंपाकाचं नव्हे.

खानापूरचा
गळतीचं पटलं. १.२ मिमी भिंतीचे झिरपतात, म्हणून तर २ सांगितलं. उकळायचं जमत नाही हेही मान्य. कोमट खारट पाणी आणि ब्रश, एवढ्यावर भागवायचं. पण वापर कशासाठी ते बघा की: मधल्या मापाचा शंख मिळत नसेल, तर उघड्या पोटानं फिरण्यापेक्षा छापलेला बरा.

टिळकवाडीकर
तात्पुरता म्हणून ठेवलेला सहा महिने तिथंच राहतोय, तेच तर म्हणणं आहे माझं.

निपाणीची
मग टाकीत खेकड्यामागे तीन-चार खरे, गोल तोंडाचे, आणि हवा तर एक छापलेला ठेवा. सगळे उजव्या पिळाचे. तोंड मोठ्या डाव्या नांगीपेक्षा किंचित रुंद असावं, नांगीनंच तो दार लावतो. बदलल्यावर जुना शंख लगेच उचलू नका, दोन-तीन दिवसांत परत त्यातच जातो कधीकधी. आणि वाळूखाली कात टाकायला गेला असेल तर उकरून शंख दाखवायला जाऊ नका, एवढं तरी दोघांनी मान्य करा.