केगरेटरमधून नुसता फेस येतोय (कोलोराडो स्प्रिंग्ज, उंची 6,035 फूट) – मदत हवी आहे

रानवाटा:
घरच्या केगरेटरला (केग गार ठेवून तोटीने बिअर देणारा फ्रिज) विकतची पेल एल बिअर लावली आहे, सिक्स्थ बॅरल केग (बिअरचं लहान पिंप). पाइंट भरला की अर्ध्याच्या वर फेस, आणि फेस बसल्यावर खालची बिअर मचूळ. गॅसचा दाब 10 पीएसआय (चौरस इंचावर इतके पाउंड), थर्मोस्टॅट 38 फॅरनहाइटवर. नळी यंत्राबरोबर आलेली, 3/16 इंची व्हायनिलची, 5 फूट. दाब 8 वर आणला तर थोडा वेळ बरं वाटलं, मग फेस आणखी वाढला. नळीत केगच्या बाजूने फुगे चढताना दिसतात. नळी आणि तोटी नुकतीच धुतली आहे, केग जागचा हललेला नाही. आता काय बदलू?

उंबरठा:
दाब वाढवा. 8 वर फेस वाढला, यातच उत्तर आहे.

गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. समुद्रसपाटीला हवेचाच दाब 14.7 पीएसआय, तुमच्याकडे साधारण 11.8. म्हणजे काटा 10 वर असताना केगमध्ये खरा दाब 21.8, मुंबईत किंवा न्यूयॉर्कला तोच काटा 24.7 धरून असतो. बिअरमध्ये वायू (कार्बन डायऑक्साइड) किती विरघळून राहणार, हे खऱ्या दाबावर आणि तापमानावर ठरतं. पेल एल साधारण 2.5 व्हॉल्यूमची असते, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट वायू. 38 अंशांना तेवढा वायू आत ठेवायला दाब-तापमानाच्या तक्त्यात 11 पीएसआय दिलेत, पण तो तक्ता समुद्रसपाटीचा. दर 2,000 फुटांना 1 मिळवायचा, म्हणजे तुमचा आकडा 14. दहावर ठेवलीत तर बिअर हळूहळू 2.1 कडे उतरते आणि सुटलेला वायू नळीत जमतो. म्हणून फेसही आणि मचूळपणाही.

पण आधी नळी बदला, मग दाब. 5 फुटी नळीला 14 दिलात तर बिअर तोटीतून उसळेल. त्याच 3/16 मापाची 12 फूट घ्या. पाव इंची अजिबात नको, तिचा अडसर एक तृतीयांशही नसतो. हिशोबाच्या पुस्तकात 3/16 ला फुटामागे 3 पीएसआय लिहिलेले असतात, त्यावरून 4-5 फूट पुरतील असं वाटतं. तो आकडा मिनिटाला गॅलन ओतणाऱ्या बारसाठी आहे. घरी आपण सावकाश ओततो. प्रवाह मंद झाला की अडसरही कमी होतो, म्हणून नळी लांब लागते.

काम करताना गॅस बंद करून कपलर (केगच्या तोंडावरची जोडणी) काढा, तोटी उघडून नळीतला दाब सोडा. नळीचं टोक गरम पाण्यात धरलं की बार्बवर (जोडणीच्या खाचेदार टोकावर) सहज चढतं, वर क्लॅम्प. नळीचं वेटोळं केगच्या डोक्यावर आडवं ठेवा, लोंबू देऊ नका. पाइंट 10 ते 12 सेकंदांत भरायला हवा. त्याहून हळू भरत असेल तर एका वेळी अर्धा फूटच कापा.

रानवाटा:
14 वर बिअरमध्ये जास्त वायू भरणार नाही ना?

उंबरठा:
38 अंश खरे असतील तर नाही. मात्र थर्मोस्टॅट हवा मोजतो. पाण्याचा ग्लास रात्रभर आत ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा. पाणी 42 निघालं तर तक्त्यातला आकडा 13 होतो, त्यात 3 मिळवून 16. त्यापेक्षा फ्रिज थंड करणं बरं. निघून गेलेला वायू परत मुरायला आठवडाभर लागतो, तोवर बिअर थोडी मंद लागेल. घाईने 30 पीएसआय देऊ नका, मग खरोखरच जास्त भरेल.

तांब्याभांडं:
पहिला ग्लास फेसाळ आणि लगेच भरलेला दुसरा चांगला, असं होत असेल तर टॉवर (तोटी बसवलेला उभा खांब) गरम आहे. 12 व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन आत बसवून पाइपने गार हवा थेट तोटीच्या मागपर्यंत न्या. अर्ध्या टॉवरपर्यंत नेऊन उपयोग नाही. तोटी एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेली तोटी चांगल्या बिअरचाही फेस करते. ग्लास गार पाण्याने विसळा, फ्रीझरमधला बर्फाळ ग्लास नको.

पाऊलखुणा:
14 वर दोन दिवस ठेवूनही कपलरपासूनच फुगे निघत असतील तर कपलरचा खालचा सील बघा. चिरलेला असेल तर गॅस थेट बिअरच्या वाटेत घुसतो. घरच्या बॉल लॉक केगमध्ये हेच काम डिप ट्यूबची (बिअर वर आणणाऱ्या आतल्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, करते, ती स्वस्त आहे, बदलूनच टाका.

रानवाटा:
हाच केग पुढे ब्रेकनरिजला न्यायचा आहे, 9,600 फूट. तिथे?

उंबरठा:
11 अधिक साधारण 5, म्हणजे 16. नळी 14-15 फूट. नेल्यावर केग 24 तास गार आणि स्थिर राहू द्या. तेवढ्या उंचीवर ग्लासातही वायू लवकर सुटतो, त्यामुळे फेसाचा थर थोडा जाड राहणारच. स्वतः बनवलेली बिअर असेल तर तिथे 2.3 व्हॉल्यूमच धरा, आणि दाबही त्याच बेताने 14 च्या आसपास.