३३ इंची टायर लावले म्हणजे झालं का?

घाटमाथा : काल इथे एकाने लिहिलं, "जिप्सी आणि जुन्या जीप म्हणजे नुसता आठवणींचा उमाळा. माझ्या थारला ३ इंच लिफ्ट, ३३ चे टायर आणि अडकलेली गाडी दोराने ओढणारं विंच आहे. कुठलंही भंगार मागे टाकीन." भंगार? माझ्या दारात महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४० उभी आहे, म्हणून हा प्रपंच.

नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात. ३ इंच उचललंत की चाकाला ताकद पोचवणारे सांधे, सीव्ही जॉइंट, तिरके होतात, त्यांवरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं आणि वळताना कटकट सुरू होते. माझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे चाकं जोडणारा एकसंध दांडा, म्हणजे सॉलिड अ‍ॅक्सल आणि पाटे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. प्यूजोचं २.१ लिटर डिझेल, हळू पण जोरात ओढणाऱ्या लो रेंजचा पहिला गिअर. पाय काढून घेतला तरी म्हशीसारखी चालत राहते. आणि टायर मोठे केले की चाकावरची ताकद घटते, हे दुकानदाराने सांगितलं नसेलच.

लालथार : तो 'एक' मीच. बूट फाटला होता, हो. एकदाच. पण तुमची डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर, ओपन आहेत हे सोयीस्करपणे गाळलंत. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं की तुमची म्हैस जागच्या जागी दोन चाकं भिरभिरवते. मला मागे लॉकर आहे, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा. मुळशीला जुलैत एक जिप्सी मीच ओढून काढली.

पांदणवाला : मुळशी झाली, आता आमच्या काळ्या मातीत या. रुंद टायरला दहा फुटांत चिखलाचा लाडू होतो. मडगार्डात माती अशी गच्च बसते की चाकच फिरत नाही, मग लॉकरचं काय लोणचं घालता? मी खुरप्याने खरवडली आहे, दोन तास. काकाची जिप्सी जेमतेम टनभर, चाकं अरुंद. फसलीच तर चौघं मिळून ढकलतो. मित्राचा इसुझूचा पिकअप, व्ही-क्रॉस, पाच मीटरच्या वर लांब, पांदणीत वळतच नाही. बाभळींनी दोन्ही अंगं सोलून काढली.

घाटमाथा : शिवाय ३३ चे टायर कायद्यात बसतात का? जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. आम्ही पंधरा वर्षं उलटल्यावर ग्रीन टॅक्स भरायचा, पासिंगला रांगेत उभं राहायचं, आणि तुम्ही...

लालथार : थांबा. गेल्या महिन्यात तुम्हीच टाकलेल्या फोटोत बॉनेटखाली दुसरंच, डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन दिसतंय. प्यूजो कुठे गेलं? आरसी बुकावर चढवलंय का?

घाटमाथा : प्यूजोचे पार्ट मिळेनात म्हणून बदललं. तो वेगळा विषय आहे.

लालथार : वा! मी केलं तर मॉडिफिकेशन, तुम्ही केलं तर 'वेगळा विषय'.

घाटमाथा : बरं बाबा, आपण दोघेही गुन्हेगार. झालं समाधान?

दर्याकाठ : तुमचं चालू द्या, पण दोघेही किनाऱ्यावर येऊ नका. आंजर्ले-वेळासकडे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, घरटी राखायला पोरं रात्र-रात्र जागतात, आणि यांना ओल्या वाळूवर गोल चकरा मारायच्या असतात.

लालथार : सगळे तसे नसतात हो.

दर्याकाठ : सगळे तसेच येतात. मागच्या महिन्यात थार रुतली, तिला काढायला मित्राची जिप्सी गेली, तीही रुतली. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा तशीच; वाळूत रुतू नये म्हणून १८ वर आणायचं एकालाही सुचलं नाही. वर भरती लागलेली. पाणी दाराशी आलं तेव्हा आमच्या दारात आले, "काका, ट्रॅक्टर आहे का?"

पांदणवाला : निघाल्या का मग?

दर्याकाठ : दोन्ही निघाल्या. एकामागोमाग.

घाटमाथा : ट्रॅक्टर फोर बाय फोर असेल.

दर्याकाठ : नाही. टू-व्हील ड्राइव्ह. आणि तो तुमच्या जीपपेक्षा जुना आहे.