धागा : घरातल्या खाण्याने तुमच्या कुत्र्याला कधी बाधलंय का?

सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोतीने उरलेल्या शिऱ्याचं पातेलं चाटूनपुसून लख्ख केलं. संध्याकाळी ओकला. ओकारीत टम्म फुगलेले अख्खे बेदाणे. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "द्राक्षं, मनुका काही खाल्लंय?" बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. किती खाल्ले की धोका, याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडेसेही भोवतात. तीन दिवस सलाईन, रोज रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, किडनी नीट चालतेय का ते कळायला. वाचला. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा, कुणाचं तरी जनावर वाचेल.

---

आमची लॅब्रा आजीची लाडकी. आजी रोज रश्शात पोळी कुस्करून घालायची, कांदा-लसणाच्या वाटणाचा रस्सा. काही महिन्यांनी राणी जिना चढेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, शिजवला तरी. आणि एकदाच भरपूर खाल्ला तरी लक्षणं दिसायला दोन-चार दिवस जातात, म्हणून खाण्याशी संबंध लागत नाही. आजीला सांगणं सगळ्यात जड गेलं. "गावाकडची कुत्री कालवण-भाकरीवरच वाढली गं," म्हणाली आणि रडली. आता ती वाटण घालायच्या आधी राणीचं चिकन वेगळं काढते.

---

आमच्याकडे शुगरफ्री च्युइंगगम. पर्समधून पाकीट काढून खाल्लं आणि अर्ध्या तासात झोकांड्या. रक्तातली साखर एकदम खाली आली होती. पाकिटावर 'झायलिटॉल' शोधा, साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते. काही पीनट बटरमध्येही असतं.

---

बेदाण्यांवरून आठवलं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते चिंचेतही असतं. मी चिंचेचा कोळ आता ओट्याच्या कडेला ठेवत नाही.

---

कळकळीने सांगतो, मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. आमच्या पामेरियनने डार्क चॉकलेट खाल्लं तेव्हा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी पाजलं. चॉकलेटने छाती धडधडत होतीच, त्यात मिठाने रक्तातलं सोडियम वाढलं. डॉक्टरांना आधी मिठावर उपचार करावे लागले. त्यापेक्षा रॅपर घ्या, कुत्र्याचं वजन सांगा, थेट दवाखाना गाठा.

---

राणी आता चढते का जिना?

---

हो, दुसऱ्या मजल्यापर्यंत. मध्ये एकदा बसते.