श्राइनर्सची सर्कस आणि श्राइनर्सचे रुग्णालय: पैसा नेमका कुठे जातो?

कऱ्हाकाठ (ओहायो)
आमच्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ गोंडेदार लाल टोपी घालणाऱ्या ‘श्राइनर्स’ या बंधुसंघाचे सभासद आहेत आणि त्यांनी येत्या सर्कशीची तिकिटे घेण्याविषयी आम्हाला विचारले आहे. माझ्या वडिलांना लहानपणी पोलिओ झाला होता. त्यामुळे मुलांच्या अस्थिव्यंगांवर उपचार करणाऱ्या श्राइनर्सच्या रुग्णालयाला त्यांच्या नावाने काही रक्कम द्यावी, असे आमच्या मनात आहे. तिकिटांचे पैसे रुग्णालयाला मिळतात, की देणगी वेगळी द्यावी लागते? बंधुसंघ आणि रुग्णालय ही एकच संस्था आहे का? शेजाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी तिळमात्र शंका नसल्याने त्यांना हे थेट विचारणे मला प्रशस्त वाटत नाही.

पिंपळपार
संस्था दोन आहेत आणि त्यांचे हिशेबही वेगळे आहेत. बंधुसंघ आधीचा. १८७२ साली न्यूयॉर्कमध्ये काही फ्रीमेसन, म्हणजे ‘मेसन’ नावाच्या जुन्या बंधुमंडळाच्या, सभासदांनी तो स्थापन केला आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो मुख्यतः स्नेहमेळावे आणि मिरवणुका यांसाठीच ओळखला जात होता. त्याचे तेव्हाचे प्रमुख फ्रीलँड केंड्रिक यांनी १९१९ साली अटलांटा येथे मेसन मंडळींनी चालवलेले अपंग मुलांचे रुग्णालय पाहिले आणि १९२० च्या पोर्टलंड अधिवेशनात प्रत्येक सभासदाकडून दरवर्षी दोन डॉलर घेऊन असेच काम संघाने हाती घ्यावे, असा ठराव मांडला. सभागृहात विरोध बराच होता. अटलांटाच्या फॉरेस्ट अडेअर यांच्या भाषणानंतर वारे फिरले आणि ठराव संमत झाला. पहिले रुग्णालय १९२२ साली लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे उघडले. लस येऊन पोलिओ ओसरल्यावर, १९६० च्या दशकात, भाजलेल्या मुलांच्या उपचारांसाठी गॅल्व्हेस्टन, बॉस्टन आणि सिनसिनाटी येथे स्वतंत्र केंद्रे निघाली. माझ्या मते या साऱ्या उभारणीचे श्रेय त्या दोन डॉलरांना आहे, कारण मर्जीप्रमाणे मिळणाऱ्या देणगीवर कायमचे रुग्णालय चालत नाही. ठरलेल्या वर्गणीवर ते उभे राहू शकते.

आता सर्कशीविषयी. ती सहसा त्या त्या गावची स्थानिक शाखा भरवते आणि तिचे उत्पन्न बहुधा शाखेची वास्तू, कार्यक्रम आणि दैनंदिन खर्च यांसाठी वापरले जाते. तिकिटावर किंवा जाहिरातीत ‘ही रक्कम धर्मादाय देणगी म्हणून करसवलतीस पात्र नाही’ अशा अर्थाची ओळ बारीक अक्षरांत असते, ती अवश्य वाचावी. यात लबाडी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण शाखा टिकली तरच रुग्ण मुलांना गाडीने रुग्णालयात नेणारे, ठिकठिकाणी निधी जमवणारे स्वयंसेवक टिकतात. परंतु लोकांच्या मनात टोपी आणि रुग्णालय यांची जोडी इतकी घट्ट बसली आहे की, हा फरक मोठ्या अक्षरांत सांगणे ही संघाची जबाबदारी आहे, असे मला मनापासून वाटते.

दोन्ही संस्था कायद्याने वेगळ्या असल्या तरी परस्परांपासून तुटलेल्या नाहीत. २००८ च्या मंदीत रुग्णालयांचा कायम निधी सुमारे आठ अब्ज डॉलरांवरून पाच अब्जांच्या आसपास घसरला, तेव्हा सहा रुग्णालये बंद करावीत की नाही हे २००९ च्या सॅन अँटोनियो अधिवेशनात संघाच्या प्रतिनिधींनीच मतदानाने ठरवले आणि ती बंद करण्यास नकार दिला. त्यानंतर रुग्णालयांनी विमा कंपन्यांकडून पैसे घेण्यास सुरुवात केली; मात्र कुटुंबाची ऐपत नसली तरी मुलाला उपचार नाकारायचे नाहीत, हे धोरण कायम राहिले.

हिशेबनीस
धनादेश रुग्णालयाच्या नावानेच लिहावा, शाखेच्या नावाने नव्हे. रुग्णालय अमेरिकी करकायद्याच्या ५०१ सी ३ या कलमाखालील धर्मादाय संस्था आहे, त्यामुळे तिची पावती करासाठी चालते. बंधुसंघ मात्र ५०१ सी १० खाली मोडतो आणि त्याला दिलेली रक्कम केवळ धर्मादाय कामासाठीच वापरली जाणार असेल, तरच सवलत मिळते.

उंबरठा
एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितो. अशाच टोप्या घालणारा दुसरा संघ १८९३ साली शिकागो येथे स्थापन झाला. तो प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय मेसनने सुरू केलेल्या परंपरेतील कृष्णवर्णीय मंडळींचा आहे, कारण गोऱ्यांच्या लॉजमध्ये (मेसनांच्या स्थानिक शाखेत) त्यांना प्रवेश नव्हता. गोऱ्या श्राइनर्सनी नाव आणि चिन्हे वापरण्यास बंदी आणावी म्हणून त्यांच्यावर खटला भरला आणि टेक्सासच्या न्यायालयांत तो जिंकलाही; परंतु १९२९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रत्येक मुलासाठी दार उघडे ठेवणाऱ्या रुग्णालयांचा इतिहास सांगताना त्याच संघाने त्याच दशकात लढवलेला हा खटलाही सांगितला पाहिजे. कृष्णवर्णीय संघाचे सामाजिक कार्य स्वतंत्र आहे. तेव्हा आपले शेजारी कोणत्या संघाचे आहेत, एवढे जरूर पाहावे.

फोर्टकर
मुंबईतही फ्रीमेसन मंडळींचा धागा जुना आहे. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरांच्या पुढाकाराने १८४३ साली ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे भारतीयांना प्रवेश देणारे लॉज येथे निघाले; पारशी समाजसुधारक माणेकजी करसेटजी त्याच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. १९६१ पासून भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची शिखर संस्था, आहे. आपल्याकडेही नियम तोच: मंडळाची वर्गणी निराळी आणि करसवलतीची पावती देणाऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेली देणगी निराळी.

कऱ्हाकाठ (ओहायो)
सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिकिटे शेजारधर्म म्हणून घेऊ आणि देणगीचा धनादेश रुग्णालयाकडे वेगळा पाठवू. वडील सुदैवाने आमच्यात आहेत. त्यांचे नाव देणगीला कसे जोडावे?

हिशेबनीस
सोबतच्या पत्रात ही देणगी त्यांच्या सन्मानार्थ आहे असे स्पष्ट लिहावे, म्हणजे ती चुकून स्मरणार्थ नोंदवली जाणार नाही. पोच त्यांना कळवायची असल्यास त्यांचा पत्ताही त्याच पत्रात द्यावा.